हात लावला नाही, मग छळ कसा?

ताई, नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांनाही संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात मांडते. तुमची मुलगी नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिच्या ग्रुपमधल्या पाच जणींनी तिच्याशी बोलणं टाकलं. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. जुना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप गप्प पडलाय, कारण तिला वगळून दुसरा निघालाय. डबा तसाच घरी येतो, सोमवारी सकाळी पोट दुखतं, डॉक्टरांना काही सापडत नाही. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "मुलींचं असंच असतं, आठ दिवसांत परत गळ्यात गळे." त्याला आता तीन महिने झाले. तिचे बाबा म्हणतात, अभ्यासात लक्ष घाल. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "थोरल्याला सातवीत असताना दोन मुलं मारायची. तेव्हा शाळेने दोन दिवसांत माफी मागायला लावून प्रकरण मिटवलं. हिला तर कोणी हातही लावलेला नाही. मी उगाच जास्त करतेय का?"

नाही, तुम्ही जास्त करत नाही आहात. उलट थोडा उशीर झालाय, पण हाताबाहेर गेलेलं काहीच नाही.

मात्र तुमच्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे. दिसणारा मार आणि न दिसणारा मार यांना आपण वेगवेगळी मापं लावतो. त्याचा फटका तुमच्या मुलीला बसतोय, हे तुम्हाला जाणवलंय. तो थोरल्यालाही बसला असावा अशी मला शंका आहे. त्याच्याकडे शेवटी येते.

मी एकवीस वर्षं शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते आहे, आधी सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी आणि आता पुण्यात. खाली जी उदाहरणं आहेत त्यातली ओळख पटेल अशी प्रत्येक गोष्ट बदलली आहे.

आधी हे भांडण आहे की छळ, ते ठरवू. डॅन ओल्वेयस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. स्वीडनमध्ये आणि नंतर नॉर्वेत त्यांनी १९७०च्या दशकापासून या विषयावर काम केलं. १९८२ साली उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबतच्या मुलांनी केलेला छळ हे त्यामागचं कारण असावं असं पुढे आलं आणि अख्खा देश हादरला. दुसऱ्याच वर्षी तिथे देशभरातल्या शाळांसाठी मोहीम सुरू झाली. ओल्वेयस यांनी तीन खुणा सांगितल्या, त्या आजही जगभर वापरतात. त्रास मुद्दाम दिलेला असतो. तो पुन्हा पुन्हा होतो. आणि दोन बाजूंची ताकद सारखी नसते, म्हणजे ज्याला त्रास होतो त्याला स्वतःच्या बळावर त्यातून सुटता येत नाही.

तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी तीच लोक विसरतात. दोन मैत्रिणींमध्ये बिनसलं, दोघी रुसल्या, दोघी रडल्या, तर ते भांडण. त्यात दोघींनाही मिटवायची वाट मोकळी असते. तुमच्या मुलीच्या बाबतीत एका बाजूला पाच जणी आहेत आणि दुसऱ्या बाजूला ती एकटी. तिने दोनदा "माझं काही चुकलं का?" असं विचारलं आणि त्या हसून निघून गेल्या, असं तुम्हीच लिहिलंय. मिटवायची किल्ली पूर्णपणे त्यांच्याकडे आहे. याला मी भांडण म्हणणार नाही.

आता मुलं आणि मुली यांच्यातल्या फरकाबद्दल, कारण शाळेचा सगळा गोंधळ इथेच झालाय. सुरुवातीच्या संशोधनात बराच काळ मुलग्यांकडेच पाहिलं जात होतं. ढकलणं, मारणं, वस्तू हिसकावणं, धमकावणं हे मोजता येतं, म्हणून तेच मोजलं गेलं. मग १९८०च्या दशकाच्या शेवटी फिनलंडमध्ये किर्स्ती लागरस्पेत्झ आणि काई ब्यर्कविस्त या संशोधकांनी अकरा-बारा वर्षांच्या मुलांना एक साधी गोष्ट विचारली: तुमच्या वर्गातला अमुक किंवा अमकी चिडल्यावर काय करते? मुलींबद्दल वेगळीच उत्तरं आली. पाठीमागे बोलते, दुसरीशी मैत्री करून हिला एकटं पाडते, गुपित फोडते. राग होता, इजा करायची इच्छाही होती, फक्त हात वापरलेला नव्हता. १९९५मध्ये अमेरिकेत निकी क्रिक आणि जेनिफर ग्रोटपीटर यांनी याला नात्यांतून केलेलं आक्रमण असं स्वतंत्र नाव दिलं. नातं हेच हत्यार.

आपल्याकडे याला नाव शोधायची गरजच नव्हती. 'वाळीत टाकणं' हा शब्द आपल्याकडे केव्हापासूनचा आहे. गावाने एखाद्या घराशी पाणी-विस्तव बंद केला तर ती किती मोठी शिक्षा आहे, हे सगळ्यांना कळायचं. त्या घराला कोणी काठी लावलेली नसायची. महाराष्ट्राने तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा केला आहे. तीच गोष्ट चौदा वर्षांच्या पोरी वर्गात करतात तेव्हा मात्र आपण त्याला रुसवेफुगवे म्हणतो.

एक मात्र सांगायला हवं, नाहीतर माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ निघेल. 'मुलगे मारतात आणि मुली कुचकं वागतात' हे अर्धंच खरं आहे. २००८ साली १४८ अभ्यासांचा आणि सुमारे ७४ हजार मुलामुलींचा एकत्रित आढावा घेतला गेला. मारामारी, उघड धमकी यांत मुलगे स्पष्टपणे पुढे होते. पण अफवा पसरवणं, वगळणं यात मुलगे आणि मुली यांच्यातला फरक अगदी नगण्य निघाला. मुलगेही वगळतात. क्रिकेटच्या टीममध्ये शेवटपर्यंत न निवडणं, सहलीच्या बसमध्ये शेजारी बसू न देणं, 'ग्रुप वेगळा आहे' म्हणणं, हे मी मुलग्यांमध्ये रोज बघते. आणि मुलींमध्ये झिंज्या ओढण्यापर्यंत गेलेली प्रकरणंही माझ्यासमोर आलेली आहेत. फरक आहे तो दोन ठिकाणी. मुलींच्या हातात समाजाने दुसरं हत्यार ठेवलेलंच नसतं, कारण मारामारी केली तर 'मुलीची जात असून' हे ऐकावं लागतं. आणि या वयात मुलींची मैत्री फार जवळची असते. कोणाला काय आवडतं, घरी काय चाललंय, पाळी कधी आली, सगळं एकमेकींना माहीत. त्यामुळे ती मैत्री फिरली की हातात दारूगोळाही तेवढाच असतो.

मी एका शाळेत मधल्या सुट्टीत व्हरांड्यात उभी होते. वर्गात मुली गोल करून डबा खात बसल्या होत्या. एक मुलगी हात धुऊन आली. रुमालाला हात पुसत ती गोलाजवळ थांबली. कोणी काही बोललं नाही. कोणी वरही बघितलं नाही. फक्त दोघी जणी, ज्यांच्यामध्ये जागा होती, त्या गुडघ्यांनी थोड्या जवळ सरकल्या. गोल बंद झाला. ती मुलगी पाच-सहा सेकंद तशीच उभी राहिली, मग वळून पाण्याची बाटली भरायला गेली. बाटली भरलेलीच होती. बाई दहा फुटांवर वह्या तपासत होत्या आणि त्यांनी नंतर मला प्रामाणिकपणे सांगितलं की वर्गात काहीच झालं नाही. त्यांचं खोटं नव्हतं. त्यांना दिसेल असं खरंच काही घडलं नव्हतं. तुमच्या मुलीच्या बाई वाईट आहेत असं धरून चालू नका, त्यांना हे बघायला कोणी शिकवलेलं नाही.

हे इतकं साधं दिसणारं वागणं इतकं का लागतं? २००३ साली नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. माणसाला मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवून संगणकावर चेंडू टाकायचा एक पोरखेळ खेळायला दिला. बाकीचे दोन खेळाडू थोड्या वेळाने फक्त एकमेकांकडेच चेंडू टाकायला लागतात. बस, एवढंच. तेवढ्यानेही मेंदूतला एक असा भाग जागा झाला, जो शरीराला दुखलं की होणाऱ्या यातनेशी जोडलेला मानला जातो. हे अनोळखी लोकांनी, दोन-चार मिनिटांच्या खेळात वगळल्यावर. तुमच्या मुलीला तिच्या पाचवीपासूनच्या मैत्रिणींनी तीन महिने वगळलंय. तिचं सोमवारचं पोट खरंच दुखतं. ती नाटक करत नाही.

परिणाम मुलींमध्ये आणि मुलग्यांमध्ये वेगळे दिसतात. मुलींमध्ये मी जे सर्वांत जास्त बघते, ते म्हणजे स्वतःला तपासत राहणं. मी काय बोलले, कोणाला लागलं असेल, माझा आवाज मोठा आहे का, मी जाड दिसते का. मारणाऱ्याकडे बोट दाखवता येतं. न बोलणाऱ्याकडे काय दाखवायचं? मग बोट स्वतःकडे वळतं. झोप जाते, फोन दर दोन मिनिटांनी बघितला जातो, कोणी 'लास्ट सीन' लपवलं, कोणाच्या स्टेटसवर कोण आहे. शाळेत पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छतागृहात एकटं जायची भीती वाटते. मुलग्यांमध्ये दुखणं बऱ्याचदा रागाच्या वेशात येतं. धाकट्या भावंडाला मारणं, दार आपटणं, 'मला काही फरक पडत नाही'. म्हणून मुलगी दुःखी दिसते आणि मुलगा उद्धट दिसतो, आणि आपण एकीला समजावतो, दुसऱ्याला ओरडतो.

हे वय सरलं की विसरतात, असं म्हणणाऱ्यांना मी ब्रिटनमधला एक अभ्यास सांगते. १९५८मध्ये एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा तिथे आयुष्यभर मागोवा घेतला गेला. सातव्या आणि अकराव्या वर्षी ज्यांचा इतर मुलांकडून छळ झाला होता, त्यांच्यात पन्नाशीतही नैराश्याचं आणि चिंतेचं प्रमाण जास्त आढळलं. प्रत्येकाचं असं होत नाही, हे नीट लक्षात घ्या. बहुतेक मुलं सावरतात. माझ्या अनुभवात सावरणाऱ्यांमध्ये एक गोष्ट सारखी असते: घरातल्या किंवा शाळेतल्या एका तरी मोठ्या माणसाने त्यांचं वेळेवर खरं मानलेलं असतं.

तुम्ही प्रश्नात एक ओळ ओझरती लिहिलीय, तिच्यावर मला थांबायचंय. "त्यातली एक म्हणत होती की हिचं दहावीतल्या कोणाशी तरी चालू आहे. पण ते खोटं आहे." ताई, माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथे असू शकतं.

मुलाबद्दल अशी अफवा उठली तर मित्र पाठीवर थाप मारतात. मुलीबद्दल उठली तर त्या अफवेचा पत्ता शाळेत संपत नाही, तो घरापर्यंत येतो. एका तालुक्याच्या गावी आठवीतली मुलगी माझ्यासमोर बसून फक्त एकच वाक्य म्हणत होती, "मॅडम, घरी कळलं तर माझी शाळा बंद होईल." तिला त्रास देणाऱ्या मुलींना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांना काहीच करायची गरज नव्हती, फक्त "सांगू का तुझ्या दादाला?" एवढं म्हटलं की ती त्यांचा गृहपाठ लिहून द्यायची. त्यांचं हत्यार म्हणजे तिचंच घर होतं. मुली महिनोन्‌महिने गप्प राहतात त्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे, आणि शहरातल्या सुशिक्षित घरांत हे नसतं असं मुळीच समजू नका. तिथे शाळा बंद होत नाही, फोन बंद होतो, क्लास बदलतो, 'तुझ्यावर विश्वास होता' असं म्हटलं जातं.

म्हणून आज रात्रीच पहिलं काम हे करा. मुलीला तिने काही सांगायच्या आधीच सांगा: "तू मला काहीही सांगितलंस तरी तुझी शाळा, क्लास आणि फोन बंद होणार नाही. बाबांना काय सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू." हे वाक्य बोलताना तुम्ही ते पाळणार आहात याची स्वतःशी खात्री करून घ्या. आणि ती अफवा अगदी खरी निघाली, म्हणजे तिला कोणी आवडत असलं, तरीही हे वचन मोडू नका. चौदाव्या वर्षी कोणी आवडणं आणि पाच जणींनी वाळीत टाकणं हे दोन वेगळे विषय आहेत. पहिल्यावर नंतर शांतपणे बोलता येईल.

काय बोलू नये तेही सांगते, कारण ही वाक्यं आपल्या तोंडावर तयार असतात. 'लक्ष देऊ नकोस.' ती दिवसाचे सहा तास त्याच खोलीत असते, लक्ष कुठे ठेवणार? 'तूच काहीतरी केलं असशील.' हे ती स्वतःला रोज म्हणतेच आहे. 'दुसऱ्या मैत्रिणी कर.' नववीत सगळे ग्रुप झालेले असतात, एकट्या मुलीला कोणी सहज घेत नाही. त्याऐवजी मी मुलींना एवढंच विचारते: दिवसातली सगळ्यात वाईट वेळ कोणती? बहुतेक वेळा उत्तर खूप नेमकं येतं. मधली सुट्टी, पीटीचा तास, व्हॅनमधला शेवटचा थांबा. ती एक वेळ जरी सुसह्य करता आली तरी मुलीला श्वास घ्यायला जागा मिळते.

आता शाळा. तुम्ही पहिल्यांदा गेलात तेव्हा "तिला एकटं पाडतात" असं सांगितलंत आणि बाईंनी "असंच असतं" म्हटलं. यावेळी वही घेऊन जा. दोन आठवड्यांची नोंद, विशेषणं न लावता. तारीख, वेळ, जागा, कोण, काय केलं, आणि बघणारे कोण होते. उदाहरणार्थ: 'मंगळवार, मधली सुट्टी, ती बाकावर बसल्यावर चौघी उठून मागे गेल्या. गुरुवार, विज्ञानाचा प्रकल्प, गट मुलींनी स्वतः पाडले, तिला कोणी घेतलं नाही, बाईंनी मुलग्यांच्या गटात टाकलं, वर्ग हसला.' अशा दहा ओळी वाचल्यावर 'असंच असतं' म्हणणं अवघड जातं. मोबाइलवरचे मेसेज, स्टेटस यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, पण त्यांना उत्तर देऊ नका. आणि मुलीचा फोन काढून घेऊ नका, तिला ती शिक्षाच वाटेल.

शाळेकडे काय मागायचं, हे तुम्हीच ठरवून जा, नाहीतर शाळा तिचा नेहमीचा उपाय करेल. तो म्हणजे सगळ्यांना एका खोलीत बोलावून 'चला, मैत्री करा'. या गोष्टीला ठाम नकार द्या. दोन बाजू बरोबरीच्या असतील तर समोरासमोर बसवणं उपयोगाचं असतं. पाच विरुद्ध एक असताना त्या खोलीत तुमची मुलगी पुन्हा एकदा एकटी पडते, आणि बाहेर आल्यावर 'मम्मीला घेऊन आली' हे नवीन कोलीत त्यांच्या हाती लागतं. त्यापेक्षा साध्या गोष्टी मागा. गट आणि जोड्या शिक्षकांनी पाडाव्यात, मुलींनी नाही. बाकाची जागा बदलावी, पण सगळ्या वर्गाची, म्हणजे कोणाकडे बोट जाणार नाही. त्या पाच जणींशी एकेकीला वेगळं बोलावं. आणि तीन आठवड्यांनी पुन्हा भेटायची तारीख आत्ताच ठरवावी.

एकेकीला वेगळं, यावर मी जोर देते आहे त्याला कारण आहे. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी दाखवून दिलं की छळाच्या प्रसंगात त्रास देणारा आणि सोसणारा एवढे दोघेच नसतात. कोणी मदतनीस असतो, कोणी हसून चढवतो, कोणी बाजूला सरकतो, कोणी वाचवतो. त्यांनी पुढे फिनलंडच्या शाळांसाठी जो कार्यक्रम उभा केला, तो या बघ्यांवरच जास्त काम करतो. कॅनडात शाळेच्या मैदानांवरचं चित्रीकरण तपासलं तेव्हा असं दिसलं की बघणाऱ्या मुलांपैकी कोणी मध्ये पडलं, तर निम्म्याहून जास्त वेळा त्रास दहा सेकंदांत थांबला. पण मध्ये पडणारे फार कमी होते.

माझा अनुभवही तसाच आहे. पाच जणींच्या ग्रुपमध्ये एकच मुलगी हे सगळं चालवत असते. बऱ्याचदा ती हुशार असते, शिक्षकांची लाडकी असते, गॅदरिंगमध्ये सूत्रसंचालन करते, म्हणूनच कोणाला शंका येत नाही. दोघी तिच्या मागे असतात. आणि उरलेल्या दोघींच्या पोटात रोज गोळा येतो, कारण त्यांना माहीत असतं की पुढचा नंबर आपला लागू शकतो. त्या दोघींना एकेकटं गाठून एखादी समजूतदार बाई फक्त एवढंच म्हणाली, "तुला हे आवडत नाहीये हे मला दिसतंय. उद्या डबा खाताना तिला हाक मार, मी वर्गातच आहे," तर गोल उघडतो. एका शाळेत आम्ही हेच केलं होतं. पहिल्या दिवशी एका मुलीने वळून फक्त लोणच्याची डबी पुढे केली. ज्या मुलीसाठी आम्ही दोन महिने धडपडत होतो, तिने ती फोड तळहातावर घेतली आणि खाल्लीच नाही, कागदात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आली, दाखवायला.

त्या म्होरक्या मुलीबद्दलही बोलते. तिच्या आईला फोन करू नका, पालकांच्या ग्रुपवर तर चुकूनही लिहू नका. दोन कुटुंबं भिडली की शाळा हात वर करते आणि मुलींना आणखी भोगावं लागतं. तिच्याशी शाळेनेच बोलावं, स्पष्ट आणि अपमान न करता. ज्या मुली असं करतात त्यांच्यातल्या काही स्वतः आधी कुठेतरी वगळल्या गेलेल्या असतात. अमेरिकेत शेकडो मुलांना मोठं होईपर्यंत तपासणाऱ्या एका अभ्यासाचा निष्कर्ष २०१३मध्ये आला. त्यात पुढे सर्वांत जास्त मानसिक त्रास दिसला तो छळ करणाऱ्या आणि सोसणाऱ्या, अशा दोन्ही भूमिका केलेल्यांना. म्हणजे ती मुलगीही कोणाची तरी काळजीची बाब असायला हवी. फक्त ते काम तुमचं नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथे बसून ठरवता येणार नाहीत. तुकडी बदलावी का? शाळेत तीन-चार तुकड्या असतील आणि मुलगी स्वतः म्हणत असेल तर जरूर. एकच तुकडी असेल तर तो पर्यायच नाही. शाळा बदलावी का? नववीच्या मध्यावर मी सहसा नको म्हणते, कारण दहावी तोंडावर असते आणि मुलीच्या मनात 'मला जावं लागलं, त्या राहिल्या' हे बसतं. पण त्रासात जात काढली जात असेल, शरीरावरून किंवा रंगावरून सतत अपमान होत असेल आणि शाळा तीही गोष्ट हसण्यावारी नेत असेल, तर माझं मत बदलतं. कायदाही आहे. महाराष्ट्रात १९९९पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, त्यात मानसिक त्रासही येतो, आणि लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची असते. तरी पहिल्याच भेटीत कायदा काढू नका. तक्रार मात्र लेखी द्या आणि पोच घ्या. पुढे गरज पडली तर तो कागद कामाला येतो.

शाळेबाहेर तिचं एक वेगळं वर्तुळ असू द्या, जिथे तिची ओळख 'जिच्याशी कोणी बोलत नाही ती' अशी नाही. खो-खो, तबला, सायकल ग्रुप, मामेबहीण, काहीही. हे औषधासारखं पटकन लागू पडत नाही, पण आठवड्यातून दोन तास जरी तिला कोणी नावाने हाक मारून जागा करून दिली तरी बाकीच्या तासांना तोंड देणं जमतं.

आणि एक गोष्ट न घाबरता, पण लगेच तपासायची. ती लांब बाह्या घालून फिरते का, आवडीच्या वस्तू वाटून टाकते का, 'मी नसते तर बरं झालं असतं' असं काही म्हणते का? शंका आली तर सरळ विचारा, "तुला जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून मुलं मोकळी होतात. उत्तर 'हो' आलं किंवा गप्प राहिली, तर त्या दिवशी तिला एकटं ठेवू नका आणि मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. १४४१६ ही टेली-मानसची सरकारी हेल्पलाइन चोवीस तास चालते, मराठीतही बोलतात. मुलांसाठी १०९८ आहे.

आता थोरला. तुम्ही लिहिलंय की त्याचं प्रकरण दोन दिवसांत मिटलं. शाळेने त्या दोन मुलांना माफी मागायला लावली, हात मिळवायला लावले. मग पुढे तुम्ही लिहिता, "तेव्हापासून त्याने कधी काही सांगितलं नाही. आता बारावीला आहे, जिममध्ये जातो, घरात फारसा बोलत नाही, बहिणीवर खूप चिडतो." मी तुमच्या मुलाला भेटलेली नाही, त्यामुळे हा अंदाजच आहे. पण अशी मुलं मी पाहिली आहेत. एक मुलगा माझ्यासमोर चाळीस मिनिटं पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत-काढत बसला होता. त्यालाही सर्वांसमोर हात मिळवायला लावला होता. हात मिळवताना त्या मुलाने त्याची बोटं दाबली आणि कानात 'बायल्या' म्हणाला. सर समोर उभे होते, त्यांना दोन मुलं हसताना दिसली. त्या दिवसानंतर मारणं थांबलं आणि ते नाव सुरू झालं, दोन वर्षं. त्याने घरी सांगितलं नाही, कारण पहिल्यांदा सांगितलं तेव्हा वडील म्हणाले होते, "मार खाऊन येतोस? दोन ठेवून द्यायच्या ना." मुलीला गप्प बसवते ती बदनामीची भीती. मुलाला गप्प बसवते ती आपण पुरुष म्हणून कमी पडलो ही लाज. मुलग्यांच्या चिडवण्यात लैंगिक अपमानही असतो आणि मोठी माणसं त्याला 'पोरांची मस्ती' म्हणून सोडून देतात.

बहिणीचं काय चाललंय हे त्याला बहुधा तुमच्या आधी कळलेलं असेल. तिच्यावरचा त्याचा राग हा तिच्यावरचाच असेल असं नाही.

त्याला समोर बसवून विचारू नका. या वयाचे मुलगे डोळ्यांत बघून बोलत नाहीत. त्याच्या स्कूटरवर मागे बसा, दळण आणायला किंवा भाजीला निघा आणि रस्त्यात म्हणा, "सातवीत तुझं मिटलं असं आम्हाला वाटलं होतं. तुला काय वाटलं होतं ते कधी विचारलंच नाही." तो "काही नाही" म्हणेल. "बरं" म्हणा, दळण घ्या, आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्याच्याच स्कूटरवर निघा.